पाणी झटकतं, मग तेल का शिरतं?

तुमचा प्रश्न आधी इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. तारापूरच्या एका प्रोसेस हाउसमध्ये तुम्ही फिनिशिंग खातं बघता. जॅकेटचं पॉलिएस्टर कापड युरोपला जातं आणि पार्टीने, म्हणजे खरेदीदाराने, यंदा फ्लोरिनमुक्त वॉटर रिपेलंट (पाणी झटकणारं फिनिश) मागितलंय. नव्या केमिकलवर स्प्रे टेस्ट (पाणी शिंपडून कापड किती भिजतं ते पाहायची चाचणी, १०० म्हणजे अजिबात नाही) १०० येते, पण तेलाचा थेंब टाकला की लगेच शिरतो. पाच धुण्यांनंतर स्प्रे ७०वर उतरते. डोस वाढवून पाहिला, काही फरक नाही. आता सप्लायर म्हणतो, नॅनो सिलिका (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण) घाला, स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; जितका मोठा तितका थेंब गोल) १५० अंशांच्या वर जाईल, मग तेलही थांबेल.

तेल थांबणार नाही. नॅनोने नाही आणि डोस दुप्पट करूनही नाही. धुण्याचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा आहे, आणि माझा अंदाज असा की त्याचं मूळ केमिकलच्या कॅनमध्ये नसून तुमच्या वॉशिंगच्या टाकीत आहे. आता दोन्हींची कारणं सांगतो, कारण ती कळली नाहीत तर पुढचा सप्लायर पुन्हा तुम्हाला नवा कॅन विकून जाईल.

भाजीवाल्याकडून अळूचं एक पान आणा. पाणी टाका, थेंब पाऱ्यासारखा पळेल. ‘अळवावरचं पाणी’ आपण उगाच म्हणत नाही. आता त्याच पानावर अंगठा दाबून चार वेळा घासा आणि तिथे पाणी टाका: थेंब चिकटून बसतो. घासलं तेव्हा तुम्ही पानावरचं मेण आणि त्याची बारीक उठावदार नक्षी मोडलीत. मग न घासलेल्या जागी शेंगदाणा तेलाचा एक थेंब सोडा. तो पसरतो. शेवटी पाण्यात चिमूटभर साबण विरघळवून टाका, तेही पसरतं. औषध फवारताना कोबी-फ्लॉवरचा शेतकरी टाकीत ‘स्टिकर’ का घालतो, ते इथे दिसतं. पानाने पाणी झटकू नये म्हणून तो पैसे मोजतो, आपण झटकावं म्हणून मोजतो. शास्त्र एकच. थेंब किती कलल्यावर घसरतो याचं सूत्र आम्ही लोक रोज वापरतो, ते फर्मिजने १९६२ साली मांडलं तेच मुळी पानांवरच्या फवारणीच्या अभ्यासातून.

तुमचं नवं केमिकल म्हणजे थोडक्यात अळूचं मेण. लांब हायड्रोकार्बन साखळ्या, टोकाला मिथाइल गट. म्हणून तुमचं कापड अळू करतो तेच करेल: पाणी झटकेल, तेल पिईल. त्यात केमिकलचा दोष नाही, तो त्याचा स्वभाव आहे.

आता आकडे. पाण्याचा पृष्ठताण २० अंशांना सुमारे ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर. खाद्यतेलांचा ३२ ते ३५च्या आसपास. तेलाच्या चाचणीत कापडावर क्रमाने अधिकाधिक सहज शिरणारे आठ द्रव टाकतात; त्यात तिसऱ्या क्रमांकाला जो हेक्साडेकेन लागतो त्याचा २७.५, आठव्या क्रमांकाच्या हेप्टेनचा २० आणि काही. द्रवाला स्वतःशी एकत्र राहण्याची जी ओढ असते तिचं हे माप. घन पृष्ठभागाची ओढ त्याहून जास्त असेल तर द्रव पसरतो, पुरेशी कमी असेल तर गोळा होतो. थॉमस यंगने १८०५ साली सांगितलेली गोष्ट एवढीच आहे.

घनाची ओढ ठरते ती सर्वांत वरच्या थरावर. हा थर अक्षरशः एका नॅनोमीटरच्या आतला असतो. खाली काय आहे याच्याशी थेंबाला कर्तव्य नाही. झिस्मन या संशोधकाच्या मोजमापांत, त्याच एककात, पॉलिएस्टर ४३च्या आसपास बसतं, पॉलिथीन ३१. पण त्याच हायड्रोकार्बनच्या साखळ्या उभ्या करून फक्त टोकाचे मिथाइल गट वर आणले की आकडा २२-२४ वर येतो. फ्लोरिनमध्येही तसंच. टेफ्लॉन १८.५, कारण तिथे साखळीची कूस वर असते. टोकाचे ट्रायफ्लोरोमिथाइल गट दाटीने उभे केले तर ६च्या आसपास. मूलद्रव्यं तीच, फरक कोणतं टोक वर आहे याचा. डोस वाढवून तुमच्याकडे फरक का पडला नाही, याचं उत्तर यातच आहे. एकदा वरचा थर भरला की त्याच्याखाली आणखी दहा थर घातले तरी कापड कडक होतं, खडूचे ओरखडे उमटतात, रिपेलन्सी तिथेच राहते.

तेलाचं गणित कागदावर करून बघा, पाच मिनिटांचं आहे. हेक्साडेकेनसारख्या ध्रुवता नसलेल्या द्रवासाठी ढोबळ नियम असा, की सपाट पृष्ठभागावर स्पर्शकोन ९० यायला घनाचा आकडा द्रवाच्या आकड्याच्या एक चतुर्थांश हवा. २७.५चा चौथा हिस्सा ६.९. तुमच्या मिथाइल पृष्ठभागाचा आकडा २२. त्यावर हेक्साडेकेनचा कोन येतो सुमारे ३८ अंश आणि शेंगदाणा तेलाचा पन्नाशीच्या आसपास. पाण्याचा मात्र ११३, कारण पाण्याच्या ७२.८ पैकी ज्या ओढीला मेण प्रतिसाद देतं ती फक्त २१.८ आहे, उरलेली हायड्रोजन बंधांची. मेणाकडे त्यासाठी द्यायला काही नाही, म्हणून पाणी स्वतःतच गोळा होऊन बसतं. तेलाला हायड्रोजन बंध नाहीत, त्यामुळे ही सवलतही नाही.

आणि खालची मर्यादा किती? १९९९ साली जपानमध्ये निशिनो आणि सहकाऱ्यांनी वीस कार्बनच्या पूर्ण फ्लोरिनेटेड साखळ्या काचेवर स्फटिकासारख्या उभ्या रचून मोजलं: ६.७, आणि पाण्याचा स्पर्शकोन ११९. सपाट पृष्ठभागावर निव्वळ रसायनाच्या जोरावर यापुढे जाता येत नाही. म्हणजे फ्लोरिनचा सर्वोत्तम पृष्ठभागसुद्धा हेक्साडेकेनला जेमतेम ९०वर नेतो. हायड्रोकार्बनने तिथे पोचण्याची आशा धरू नका.

मग जुनं सी-एट, म्हणजे आठ कार्बनच्या फ्लोरिन साखळीचं फिनिश, तेलाच्या चाचणीत पाच-सहा रेटिंग कसं द्यायचं, असं तुम्ही विचाराल. तिथे धाग्याने मदत केली. तंतू गोल असतो. थेंब वरून खाली सरकू लागला की गोलाईच्या खालच्या अंगाला त्याचा पृष्ठभाग उलट वळावा लागतो, आणि कोन ९०च्या आत असला तरी ६०-७० असेल तर थेंब तिथे अडकून हवेवर तरंगतो. हवेवर तरंगणाऱ्या थेंबाचं समीकरण कॅसी आणि बॅक्स्टरने १९४४ साली दिलं. दोघे लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेतले, म्हणजे आपल्याच धंद्यातले. कमळाच्या पानाच्या गोष्टी सांगणाऱ्या नॅनोवाल्यांना हे क्वचितच माहीत असतं! पुढे २००७ साली एमआयटीच्या गटाने असे आत वळलेले आकार मुद्दाम घडवून तेल झटकणारे पृष्ठभाग केले, पण त्यांनीही वर फ्लोरिनचंच रसायन घेतलं होतं. २०१४ साली कॅलिफोर्नियात लिऊ आणि किम यांनी सिलिकावर खिळ्याच्या डोक्यासारखे, कडेने पुन्हा खाली वळलेले सूक्ष्म खांब कोरले. त्यांनी कोणताही लेप न लावता सगळे द्रव झटकले. आकाराने ते शक्य आहे, हे खरं. पण ते चिप बनवण्याच्या तंत्राने कोरलेलं काम आहे, पॅडिंग मँगलमधून (कापड केमिकलमध्ये बुडवून पिळणाऱ्या रुळांमधून) निघणारं नव्हे. तुमच्या सप्लायरची सिलिका म्हणजे नुसते गोळे. ते ११३चे १५५ करतील, पाणी आणखी पळेल, पण ३८ अंशांच्या तेलाला खडबडीतपणा मिळाला की ते उलट अधिक वेगाने शिरेल. टिपकागद शाई शोषतो ते याच कारणाने.

स्पर्शकोनाच्या आकड्याबद्दल आणखी एक. १५० अंश म्हटलं की माणसं दिपतात. गुलाबाच्या पाकळीवर पाण्याचा थेंब तितकाच गोल बसतो आणि पाकळी उलटी धरली तरी खाली पडत नाही. म्हणजे गोल बसणं वेगळं आणि सुटून जाणं वेगळं. थेंबाची पुढची कड सरकताना जो कोन असतो आणि मागची कड सुटताना जो असतो, त्यांतला फरक महत्त्वाचा. तो जितका कमी, तितका थेंब लवकर घसरतो. २०१६ साली अमेरिकेत वांग आणि मॅकार्थी यांनी काचेवर सिलिकॉनच्या लवचीक साखळ्या एका टोकाने बांधल्या. पाण्याचा कोन जेमतेम १०४, पण पुढच्या-मागच्या कोनांत फरक एक अंशाच्या आसपास. थेंब पाण्याचा असो की तेलाचा, काच जरा कलली की घसरून जातो. तेल तिथे गोळा होत नाही, पण चिकटतही नाही. हे काचेवर जमतं, कारण काचेवर साखळी बांधायला हायड्रॉक्सिल गट असतात आणि ती सपाट असते. विणलेल्या कापडात तेल घसरायच्या आधीच दोन तंतूंच्या फटीत ओढलं जातं. तरी मोजताना मागे सुटणारा कोन विचारा. सप्लायरच्या ब्रोशरवर तो नसतोच.

आता धुण्याचं.

रिपेलंटची साखळी म्हणजे गोठलेला दगड नाही, ती हलते. पाण्यात बुडाली की वरचे पाणी-नकोसे गट आत वळतात आणि खालचे एस्टर-युरेथेनसारखे ध्रुवीय गट वर डोकावतात. जुन्या सी-एटची साखळी ताठ होती, शेजारच्या साखळ्यांबरोबर स्फटिकासारखी जमून बसायची, म्हणून पाण्यातही जागची हलायची नाही. सी-सिक्स आल्यावर पहिली तक्रार हीच होती: ताजी स्प्रे १००, धुतल्यावर पडते, इस्त्री केली की परत येते. सहा कार्बनची साखळी जमून बसायला अपुरी पडते. तुमच्या हायड्रोकार्बन फिनिशमध्ये अठरा किंवा बावीस कार्बनच्या साखळ्या असतील तर त्याही जमून बसतात, पण त्यांचा वितळणबिंदू साधारण ५० अंशांच्या पुढेमागे असतो. ६० अंशांना धुतलंत की त्या सैल होतात. सैल झाल्यावर त्यांना पुन्हा वर यायला कोरडी उष्णता द्यावी लागते.

म्हणून आधी हे करा. पाच धुण्यांनंतरचा ७०वाला तुकडा घ्या, साध्या कोमट पाण्यात तीन-चारदा खळबळून डिटर्जंट पूर्ण काढा, वाळवा, मध्यम इस्त्री फिरवा आणि पुन्हा स्प्रे घ्या. ९० किंवा १०० आली तर तुमचं रसायन अजून कापडावर आहे, ते फक्त उलटलं होतं किंवा डिटर्जंटखाली दबलं होतं. मग पार्टीला केअर लेबलवर कोरड्या उष्णतेची सूचना घालायला सांगा आणि ठरलेल्या पद्धतीत वाळवणी कशी आहे ते बघा. दोरीवर वाळवून चाचणी घेत असाल तर तुम्ही स्वतःवरच अन्याय करताय. ७०च राहिली तर रसायन निघून गेलंय, म्हणजे ते बसलंच नव्हतं. क्रॉसलिंकर (फिनिश कापडाला बांधून ठेवणारं रसायन) जुना झालाय का, क्युरिंगला, म्हणजे फिनिश तापवून पक्कं करताना, कापडाचं तापमान खरंच १६० अंश गाठतं का, हे तपासा. स्टेंटरच्या, म्हणजे कापड ताणून तापवणाऱ्या यंत्राच्या, काट्यावरचा आकडा हवेचा असतो. कापडावर तापमानाची पट्टी चिकटवून एकदा चालवा, डोळे उघडतील.

पण मी पैज लावेन ती तिसऱ्या गोष्टीवर. फार वर्षांपूर्वी मी एका युनिटमध्ये होतो. नायलॉन टफेटाचा लॉट, छत्रीचं कापड. लॅबमध्ये १००, बल्कमध्ये ५०. तीन दिवस आम्ही केमिकलवाल्याला फोनवर फैलावर घेत होतो. त्याने बिचाऱ्याने दोन ड्रम बदलून दिले. चौथ्या दिवशी आमच्यातल्या जुन्या मास्तरांनी रंगाई झालेल्या, फिनिश न केलेल्या कापडाचा हातभर तुकडा तोडला, डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीत घालून जोरात हलवला आणि बाटली माझ्यापुढे ठेवली. वर बोटभर फेस. मे महिना होता, पाणी टँकरवर चाललं होतं, आणि रंगाईच्या रात्रपाळीने शेवटची धुलाई गाळली होती. लेव्हलिंग एजंट (रंग सारखा बसवणारं साबणासारखं रसायन) तसाच कापडात. लॅबचा तुकडा अर्थात आम्ही स्वतः नीट धुतला होता.

हा फेस म्हणजे अळूच्या पानावरचं साबणपाणी. आपण मेणाचा थर चढवतो आणि त्याच्या खाली, मध्ये, वर असा साबण पेरून ठेवतो. पाऊस पडला की तो विरघळून थेंबाचा पृष्ठताणच खाली आणतो. ७२ ऐवजी ४० झाला की उत्तम रसायनही उताणं पडतं. तेव्हा फिनिशिंगला घेण्याआधी प्रत्येक लॉटची बाटली हलवून बघा. कापडाचा पीएच किंचित आम्ल बाजूला, साडेपाच-सहाच्या दरम्यान ठेवा. सोड्याचा अंश राहिला तर केमिकलचं इमल्शन ट्रफमध्ये, म्हणजे कापड बुडवायच्या कुंडातच, फुटतं. पाणी-ओढे सॉफ्टनर किंवा अँटिस्टॅटिक त्याच बाथमध्ये घालू नका, पार्टीने कितीही मऊ हात मागितला तरी.

आता पाऊस. स्प्रे टेस्ट म्हणजे ४५ अंशांत ताणलेल्या कापडावर १५० मिलिमीटर उंचीवरून २५० मिलिलिटर पाणी. कोकणातला पाऊस तसा पडत नाही. मोठा थेंब सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगाने येतो आणि आदळताना सुमारे ४० किलोपास्कल दाब देतो, म्हणजे चार मीटर पाण्याच्या स्तंभाइतका. उलट, २० मायक्रॉन त्रिज्येची फट आणि ११३ अंशांचा कोन धरला तर कापड स्थिर पाणी अडवतं जेमतेम २९ सेंटिमीटर. मुसळधार पावसात छत्रीच्या आत चेहऱ्यावर जे बारीक तुषार येतात ते याच तफावतीतून. हा आकडा रसायनाने वाढवायचा म्हटलं तर, समजा तुम्ही अशक्य कोटीतला १८० अंश गाठलात, तरी तो ७५ सेंटिमीटरच्या आतच राहील. फट अर्धी केली तर सरळ दुप्पट. म्हणून वॉटर कॉलम (कापड किती उंच पाण्याचा स्तंभ अडवतं तो आकडा) मागणाऱ्या पार्टीला कॅलेंडरिंग (गरम रुळांत दाबून फटी मिटवणं) किंवा मागून पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग द्या. रिपेलंटचं काम वरचा कापडाचा थर भिजून जड होऊ नये एवढंच.

कोणी दबक्या आवाजात सांगेल की थोडा जुना सी-एट माल मिळतो, मिसळा, कोणाला कळणार? कळतं. फ्लोरिनची तपासणी आता युरोपियन खरेदीदार सर्रास करतात. ज्या आम्लात सी-एटचं विघटन संपतं ते पीएफओए २०१९ साली स्टॉकहोम करारात (चिवट प्रदूषकांवरचा आंतरराष्ट्रीय करार) समूळ बंद करायच्या रसायनांच्या यादीत गेलं. सी-सिक्सचं विघटन ज्यात संपतं ते पीएफएचएक्सए युरोपीय संघाने २०२४ मध्ये बंधनात आणलं, आणि सामान्य ग्राहकांच्या कपड्यांसाठी ते ऑक्टोबर २०२६ पासून लागू होतं. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून, फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून कपड्यांतली मुद्दाम घातलेली पीएफएएस, म्हणजे या फ्लोरिन साखळ्यांच्या सगळ्या कुळातली, रसायनं बंद केली. कायद्याचं सोडा, जी साखळी पाण्यातही जागची हलत नाही म्हणून आपल्याला आवडायची, ती नदीत आणि रक्तातही तशीच टिकते. इटलीत त्रिस्सिनोच्या मितेनी कारखान्याने वेनेतो भागातलं पिण्याचं पाणी दूषित झालं. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि त्याची यंत्रसामग्री पुढे आपल्या रत्नागिरीतल्या लोटे परशुरामला आली. तेव्हा हा विषय परदेशी पार्टीचे नखरे म्हणून उडवून लावू नका.

पार्टीशी बोलताना मी तुमच्या जागी असतो तर असं लिहून दिलं असतं: पाण्यासाठी स्प्रे ताजी १०० आणि ठरलेल्या धुण्यांनंतर, मशीनमध्ये वाळवून, किमान ८०, तेलाची चाचणी या मालाला लागू नाही. जॅकेट घालणाऱ्याला पाऊस लागतो, फोडणी नव्हे. दुधाच्या चहाबद्दल मात्र आधीच सांगून ठेवा. दुधाचा पृष्ठताण पाण्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, त्यात चहा गरम. थेंब लगेच पुसला तर निघतो, बसू दिला तर डाग पडतो. तेलापासून खरोखर संरक्षण हवं असलेलं कापड, म्हणजे तेल-रसायनांत काम करणाऱ्यांचे गणवेश वगैरे, हा वेगळा व्यवहार आहे. कायद्यातली त्याची सवलतही वेगळी लिहिलेली असते. ते काम आलं तर स्वतंत्र विचारा.

लॉटमधली तुलना करायला स्प्रेवर अवलंबून राहू नका, तिथे सगळे १०० दिसतात. पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या मिश्रणांची शिडी करा: २ टक्के, ५, १०, २०, ३० असं चढत. कुठल्या पायरीवर थेंब शिरतो ते रोज वहीत लिहा. एखाद्या दिवशी पायरी घसरली की माल गाडीत चढायच्या आधी तुम्हाला कळेल. बाटल्यांची बुचं घट्ट लावा, अल्कोहोल उडून जातं आणि आठवड्यात तुमची शिडीच बदलते.

सप्लायरची नॅनो सिलिका नाकारण्याआधी एक मीटर करून बघा, त्याचं मनही राहील. स्पर्शकोन नक्की वाढेल. मग तोच तुकडा क्रॉकमीटरवर (कापड घासून पाहायच्या यंत्रावर) कोरडा वीस वेळा घासा आणि पुन्हा स्प्रे घ्या. अळूच्या पानावर अंगठा फिरवलात तेव्हा जे झालं तेच दिसेल. तो तुकडा त्याच्या हातात द्या.